तळ्याची सोयरीक

देवजीनं माझ्यासाठी आणलेलं पहिलं स्थळ मुरबाडच्या एका बिजवराचं होतं. मी तेव्हा चाळिशीची होते, शहापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि लग्न करायचं नाही हे माझं कधीच ठरून गेलं होतं. तसं मी त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आणलं. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी मी पन्नाशी ओलांडली तेव्हा तो म्हणाला, "बाई, आता तुमची फाइल मी बंद करतो." त्या दिवशी मी त्याला चहाबरोबर चिवडाही दिला.

समोर मी त्याला देवजीदादा म्हणते. लिहिताना नुसतं देवजी लिहिते, कारण खर्डीपासून धसईपर्यंत सगळे त्याच्या माघारी तेवढंच म्हणतात आणि त्यात कुणाला अनादर वाटत नाही.

त्याचं गाव पळसखांड. खर्डी स्टेशनला उतरून रिक्षानं सात किलोमीटर आत. दीड-दोन एकर भातशेती आहे, मुलगा रोज कल्याणला कामाला जातो. पण देवजीची ओळख शेतीवरून कुणी सांगत नाही. तो सोयरिकी जुळवतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दोनशेच्या वर लग्नं आपल्या मध्यस्थीनं झाली असं तो सांगतो. मी दीडशे धरते. त्याबद्दल तो काही घेत नाही. लग्नात मानाची टोपी आणि टॉवेल मिळतो. घरात टॉवेलांनी भरलेली एक पत्र्याची पेटी आहे आणि हा माणूस तोंड पुसतो जुन्या धोतराच्या फडक्यानं.

त्याची कामाची रीत ठरलेली. मुलाच्या गावात पोचलं की आधी पाणी बघायचं, मग घर. हंडा किती लांबून येतो, वैशाखात टँकर लागतो का, विहिरीला कठडा आहे का. मुलगा काय करतो हे तो चौथ्या-पाचव्या प्रश्नाला विचारतो. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण इथे ते बरोबर आहे. धरणं इथली, पाणी मुंबईला, आणि चैत्र लागला की इथल्या बाया हंडे घेऊन उतारावर. टँकरच्या गावात मुलगी द्यायला बाप कचरतो. दुसरा नियम त्याहून कडक: गावातल्या गावात सोयरीक नाही. कूळ वेगळं असो, आडनाव वेगळं असो, पोर द्यायची ती वेशीबाहेर.

पळसखांडच्या पोरांसाठी मुली आणायच्या असल्या की त्याची सगळी भिस्त गावच्या तळ्यावर. खर्डीकडून येणाऱ्याला आधी तळं लागतं, मग शेंदूर फासलेला वेशीचा दगड, मग घरं. तळ्यात पांढरी फुलं असायची, काठापासून काठापर्यंत. पाहुणे सकाळी दहाच्या आत यायला हवेत असा देवजीचा हट्ट असे. लोकांना वाटायचं, हा मुहूर्त बघतो. मुहूर्त कसला, ती फुलं सकाळी उमलतात आणि दुपार कलली की मिटून पाण्याखाली जातात. चार वाजता येणाऱ्या पाहुण्याला नुसती पानं दिसली असती. सकाळी येणाऱ्याला देवजी तळ्यापाशी थांबवायचा आणि सहज बोलल्यासारखं बोलायचा, "बगा, आमच्या तळ्याला कमळ हाय. जिथं कमळ, तिथं वैशाखापर्यंत पानी." मुलीचा बाप तिथेच निम्मा तयार व्हायचा.

ते कमळ नव्हे, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं. पान तसंच गोल, पाण्यावर पसरून राहणारं. म्हणून लोक फसतात. पण याचं फूल लहान, दोन रुपयांच्या नाण्याएवढं, मध्ये पिवळं आणि पाकळ्यांवर इतकी दाट पांढरी लव की कापूस पिंजून लावल्यासारखं दिसावं. कमळाचं फूल स्वतःच्या वेगळ्या देठावर वर येतं; याचं पानाच्या खालून, त्याच देठातून निघतं. पुस्तकात याला कुमुदिनी म्हणतात. कमळाच्या कुळातलीसुद्धा नाही. यावर देवजीचं उत्तर ठरलेलं असे: "दिसतं ना कमळासारखं? मंग झालं. फुलाचं कूळ तुमी बगा, मानसाचं मी बगतो."

दर भाद्रपदात मी बारावीच्या मुलांना घेऊन त्या तळ्यावर जायचे. देवजी काठावर बसून माझं शिकवणं ऐकायचा आणि मधूनच मुलींच्या आडनावांची चौकशी करायचा.

आता सरिताबद्दल सांगायला हवं. देवजीला एक मुलगा आणि एक मुलगी, ती सरिता. तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. तिला गावातल्याच खालच्या आळीतला वाल्मिक पसंत होता. कूळ वेगळं, आडनाव वेगळं, मुलगा सरळ, कसाऱ्याला रेल्वेत नुकताच लागलेला. वाल्मिकच्या घरचे तयार होते. देवजीची बायको हौसा, तीही तयार होती. देवजी नाही म्हणाला. "मीच माझ्या घरात नेम मोडला तर उद्या माझा शबुद कोन ऐकल?" त्यानं सरिताला धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला बोरखोंड गावात दिली. स्थळ बघण्यात कसूर केली नाही, हे मान्य करायला हवं. बारमाही ओढा, बांधीव विहीर, कमी बोलणारा जावई.

पाठवणीच्या वेळी सरिता रडली नाही. वेशीच्या दगडापाशी थांबली आणि बापाला म्हणाली, "तुमी मला वेशीबाहेर दिलीत. आता मी वेशीच्या आत पाय नाय ठेवनार." लोकांना वाटलं, पोर रागात बोलली, पहिल्या दिवाळीला येईल. ती आली नाही. दिवाळीला नाही, गौरीला नाही, भावाच्या लग्नालाही नाही.

वाल्मिकचं पुढे लग्न झालं, त्याला दोन मुलं आहेत, तो आणि देवजी रस्त्यात भेटले की पावसापाण्याचं बोलतात. त्या गोष्टीचं ओझं उरलं ते एकट्या देवजीकडे. दोनशे घरांतल्या मुली माहेरपणाला येताना खर्डी स्टेशनवर त्याला वाकून नमस्कार करायच्या, आणि त्याची स्वतःची मुलगी, एका दिवसात जाऊन परत येण्याजोग्या अंतरावर असून, येत नव्हती. तो त्यावर कधी बोलला नाही. हौसा मात्र महिन्या-दोन महिन्यांनी दोन बस बदलून धसईच्या बाजाराला जायची. येताना पिशवीत काकड्या, वालाच्या शेंगा, कधी घरच्या जात्यावरचं नाचणीचं पीठ. "बाजारात मिळालं," असं सांगायची. देवजी जेवायचा. बाजारात जात्यावरचं पीठ कोण विकतं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

साडेतीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पळसखांडच्या तळ्यातला गाळ काढला. पोकलेन आलं, आठ दिवस धडधडत होतं, काळा गाळ लोकांनी ट्रॉल्या भरभरून शेतात नेला. देवजी सगळ्यांत पुढे होता. तळं खोल म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे सुना जास्त, असा त्याचा सरळ विचार. उत्साहाच्या भरात खालचा मुरूम लागेपर्यंत खणलं. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. श्रावण गेला, भाद्रपद गेला, पाण्यावर एक पान उठलं नाही.

दिवाळीच्या आधी देवजी शहापूरला माझ्या दारात उभा राहिला. मला वाटलं, फाइल पुन्हा उघडली.

"बाई, कमळ आलं नाय," तो म्हणाला.

"कसं येईल? गाळाबरोबर मुळं गेली."

"मुळं जाऊ दे. चिखलात बी पडलं असंल ना? आमी राब भाजतो, सगळी जमीन जाळतो, तरी पावसात गवत उगवतंच."

प्रश्न बिनतोड होता. मी कपाटातून जुने नमुने काढले. दर वर्षी मुलांनी वाळवून कागदावर चिकटवलेले, अकरा वर्षांचे. भिंग घेऊन बसले आणि तासाभरात मला दिसलं ते असं. कुमुदिनीत फुलांच्या दोन तऱ्हा असतात. फुलाच्या मधोमध एक दांडा असतो, त्याच्या टोकावर पराग पडले की बी धरतं. एका तऱ्हेत हा दांडा आखूड असतो, दुसरीत लांब. आणि आखूड दांड्याच्या फुलावर लांब दांड्याच्या फुलाचेच पराग पडावे लागतात, किंवा उलट. स्वतःच्या तऱ्हेचे चालत नाहीत. पळसखांडची अकरा वर्षांची सगळी फुलं आखूड दांड्याची होती. एकाही फुलाखाली बी नव्हतं. बहुधा कधीकाळी एकच रोप आलं असेल. याचं पान देठाच्या गाठीसकट तुटून पाण्यावर राहिलं तरी त्याला मुळं फुटतात. तळं असं पानापानानं भरलेलं होतं. अकरा वर्षं मी तिथे उभी राहून शिकवलं आणि ही गोष्ट पाहिली नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो मी देवजीवर काढला. पोकलेन बोलवायच्या आधी विचारायला काय झालं होतं, वगैरे.

देवजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे आख्खं तळं एकाच भावकीचं."

"हो."

"आनि भावकीत सोयरीक नाय."

"नाही."

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हा धडा इतक्या लवकर कुणाला कळला नव्हता. देवजीचा चेहरा एकदम उजळला. आयुष्यभर जो नियम तो लोकांना सांगत आला, तो फुलालाही ठाऊक आहे म्हटल्यावर त्याला आणखी काही नको होतं. "मंग स्थळ बगायला हवं," असं म्हणून तो उठला.

पंधरा दिवस तो खरोखरच स्थळ बघत फिरला. जिथे जिथे त्यानं लग्नं जमवली होती तिथे तिथे फोन केले. मुलाकडून मला फोटो पाठवायचा. कुठे जलपर्णी, कुठे शिंगाडा, कुठे कुणा मुंबईकराच्या फार्महाऊसमधली गुलाबी वॉटर लिली. मी सगळ्यांना नकार कळवला. मग एके दिवशी जेवण वाढताना हौसा म्हणाली, "सरिताच्या गावात हाय तुमचं फूल. तळ्यात हात घालायला जागा नाय एवढं."

"तुला कसं ठाव?"

"बाजारात कोनतरी बोललं."

हे मला नंतर हौसानंच सांगितलं. त्यानंतर चार दिवस देवजीकडून एकही फोटो आला नाही. पाचव्या दिवशी त्याचा मला फोन आला. "बाई, तुमी संगं चला. दांडा आखूड का लांब ते तुमालाच कळनार." त्याला भिंगवाली नको होती, सोबत हवी होती, हे मला कळत होतं. मी गेले. दिवाळीची सुट्टी होती, आणि खरं सांगायचं तर त्या बापलेकीची भेट मला बघायची होती.

बसमध्ये त्यानं वाक्य तयार केलं. "तिला सांगनार, बग, फूलसुद्धा वेशीबाहेर सोयरीक करतं." मी म्हटलं, हे अजिबात बोलू नका. तो खिडकीबाहेर बघत ते वाक्य मनात घोळवत राहिला. ओठ हलत होते.

बोरखोंडला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. तळं रस्त्याला लागूनच. पांढरंशुभ्र. देवजी वाटेतच थांबला. गाव बदललं होतं, काठावरची झाडं वेगळी होती, पण पाण्याकडे बघितलं तर पळसखांडच. मी चपला काढून उतरले. एक फूल पाहिलं, दहा पाहिली, पलीकडच्या टोकाला जाऊन आणखी वीस पाहिली.

"देवजीदादा, हीसुद्धा आखूडच."

"सगळी?"

"सगळी. हे तुमच्याच भावकीतलं."

"एवढ्या लांब आमची भावकी आली कुठनं?"

"मी आनली," असं मागून कुणीतरी म्हणालं.

धुण्याची बादली घेऊन एक बाई उभी होती. देवजीसारखंच रुंद कपाळ. मी सरिताला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखायला वेळ लागला नाही. ती बोलली ते सगळं माझ्याशी, बापाकडे न बघता. "लग्नाच्या सकाळी तळ्यावर गेल्ते. स्टीलच्या डब्यात ओला फडका घातला, त्यात दोन पानं. वर तांदूळ, नारळ, वटीचं सगळं. कोनाला कळलं नाय. हितं आल्यावर पान्यात सोडली."

"कशासाठी?" मी विचारलं. सवयच ती.

"सकाळी पानी भरायला आलं की कायतरी वळखीचं दिसावं म्हनून."

 देवजीनं तयार करून आणलेलं वाक्य त्याच्याजवळ होतं, ते त्याच्याजवळच राहिलं.

सरितानं आम्हाला घरी नेलं. दारी आलेल्याला पाणी न देता पाठवत नाहीत, एवढंच त्यात होतं. देवजीनं सवयीनं विहिरीचा कठडा बघितला, गोठा बघितला, माळ्यावरच्या भाताच्या कणग्या बघितल्या. दोनशे घरांत जसा बसतो तसा ओटीवर भिंतीला टेकून बसला. सरिताची मुलगी हर्षाली, तेव्हा दहा-अकरा वर्षांची, चहा घेऊन आली आणि आईला विचारलं, "हे कोन गो?"

"खर्डीकडचे पाव्हने," सरिता म्हणाली.

देवजीनं बशी खाली ठेवली.  मला फार वाईट वाटलं. भेट बघायला म्हणून आले होते, ती बघवेना.

निघताना सरितानं ओल्या गोणपाटात रोपांचा एक भारा बांधून माझ्या हातात दिला. "नुसतं पान्यावर सोडा. रोवू नका," ती म्हणाली. देवजी शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं, पण पन्नास वर्षं आवण लावलेल्या माणसाला लावणीबद्दल कुणी काही सांगितलं की ते कानापर्यंतच जातं.

घरी जाऊन त्यानं काय केलं, ते मला पुढे फोनवर कळलं. भारा सोडून चार-चार रोपांच्या मुठी केल्या. तळ्याच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उतरला आणि भाताची आवण लावतात तशी अंगठ्यानं दाबून एकेक मूठ खाली रोवली. रांगा दोरी धरल्यासारख्या सरळ. पानं सगळी पाण्याखाली. भात असता तर आठ दिवसांत उभा राहिला असता. कुमुदिनी दहा दिवसांत कुजली.

"बाई, रोप गेलं," तो म्हणाला.

"रोवलंत?"

"लावलं."

मी फोन ठेवला. पुढचं हौसाकडून. तिनं धसईच्या बाजारात सरिताला ही हकिकत सांगितली तेव्हा सरिता इतकी हसली की तिला शेजारच्या भाजीवाल्याच्या गोणीवर बसावं लागलं. चौदा वर्षांत माहेरच्या गोष्टीला ती पहिल्यांदा हसत होती, असं हौसा म्हणते. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आता तळ्याला पानी कधी चढतं?"

पुढच्या श्रावणात, आवण संपल्यावर, सरिता आली. हौसानं मला आधी कळवलं होतं, म्हणून मीही तिथे होते. खर्डीहून रिक्षा, मांडीवर झाकणाची प्लॅस्टिकची बादली. रिक्षा तळ्याशी थांबली. देवजी वेशीच्या दगडापाशी उभा होता, आतल्या अंगाला. सरिता पदर खोचून पाण्यात उतरली आणि एकेक पान तळहातावर घेऊन पाण्यावर ठेवत गेली. पानं वाऱ्यानं इकडेतिकडे सरकली. "आता कुनी हात नाय लावायचा," ती मोठ्यानं म्हणाली. कुणाला म्हणाली ते सगळ्यांना कळलं. पंधरा मिनिटांचं काम. हौसानं घरून किटलीतून चहा आणला, तो सरितानं काठावर उभ्यानं प्यायला, आणि त्याच रिक्षानं परत गेली. देवजीनं तिला "घरात चल" म्हटलं नाही. 

आश्विनात फुलं आली. थोडीच, एका कोपऱ्यात, पण आली. आणि माघात तळं आटलं. पूर्वी वैशाखापर्यंत टिकणारं पाणी आता मुरमातून झिरपून जातं. तळाचा चिकण गाळच कुणी ठेवला नव्हता. ओल्या गाळात मुळं उन्हाळा काढायची, तीही सोय गेली. चिखल भेगाळला, पानं वाळून उडून गेली. देवजीनं फोन केला. "कमळ गेलं. पुन्ना आनाया लागंल." आवाजात म्हणावं तितकं दुःख नव्हतं.

दुसऱ्या श्रावणात सरिताबरोबर हर्षाली होती. पानं सोडून होतात न होतात तोच सर कोसळली. हर्षालीला वेशीचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. धसईच्या बाजारात भेटणारी आजी समोर दारात दिसली, ती धावत दगड ओलांडून आजीच्या घरात शिरली. सरिता रिकामी बादली घेऊन पावसात उभी राहिली. दोन-तीन मिनिटं असेल. मग डोक्यावर बादली पालथी धरून ती आत गेली. देवजी मागे राहिला होता. तो दगडाला हात लावून सावकाश घराकडे गेला. त्या दिवशी जेवणात काय होतं असं मी नंतर विचारलं तर त्याला आठवेना, आणि हा माणूस वीस वर्षांपूर्वीच्या पंगतीतल्या भाज्या सांगतो.

यंदाच्या श्रावणात सरिता दोन रात्री राहिली.

मी मात्र माझ्या नादात होते. ही दर वर्षीची बादलीची यातायात मला बघवत नव्हती आणि अकरा वर्षांची चूक मनात सलत होती. निवृत्त झाल्यावर वेळही होता. तीन वर्षं मी लांब दांड्याची कुमुदिनी शोधत होते, आणि या आश्विनात ती कसाऱ्याच्या अलीकडे, हायवेच्या खालच्या एका तळ्यात सापडली. पहिलंच फूल उलगडलं आणि भिंगाशिवाय दिसलं. मी तिथल्या तिथे पिशवी भरली आणि रिक्षा करून थेट पळसखांड गाठलं.

देवजी ओटीवर बसला होता. मी त्याच्यापुढे पिशवी उघडली. त्यानं सवयीनं विचारलं, "कुठल्या गावचं?" मी सांगितलं. "पानी?" "बारमाही." त्यानं माझं भिंग मागून घेतलं, एक डोळा मिटून फुलात बराच वेळ बघितलं.

"लांब हाय," तो म्हणाला.

"आहे ना? आता तुमच्या तळ्यात हे सोडायचं. दोन्ही तऱ्हा एकत्र आल्या की बी धरेल. बी चिखलात पडून राहील. तळं आटलं तरी पावसाळ्यात आपसूक उगवेल. दर वर्षी कुणी बादली घेऊन यायला नको."

मी फार खुशीत बोलत होते. देवजीनं भिंग सदऱ्याला पुसून परत दिलं.

"दरसाल कोन यायला नको?"

"नको."

तो पिशवीतल्या रोपांकडे बघत राहिला. मग पिशवीचं तोंड त्यानं स्वतःच्या हातानं बांधलं. "मंग नको, बाई. ही सोयरीक राहू दे."

"का?"

"बी धरलं तर सरिता काय म्हनून येल?"

तिला आता फुलाचं निमित्त लागणार नाही, असं मी म्हणणार होते. पण ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं. मी पिशवी उचलली. ती रोपं आता माझ्या गच्चीवर एका टबात आहेत. सकाळी फुलतात, दुपारी मिटतात, बी धरत नाहीत. देवजीनं आणलेली इतकी स्थळं मी परत पाठवली, त्यानं माझं एक परत पाठवलं तर तक्रार करायला मला तोंड नाही.

निघताना तो मला तळ्यापर्यंत पोचवायला आला. साडेअकरा वाजले होते, फुलं अजून उघडी होती.

"पुढल्या श्रावनात तुमीपन या," तो म्हणाला. "सरिता तीन रात्री राहनार."

"तसं म्हणाली ती?"

"नाय बोलली. मी तीन धरतो."